आईच्या लग्नात काय झालं होतं

जवाहर नगर, जयपूर
१४ सप्टेंबर १९८६

ती. शालनआत्या,
सादर प्रणाम.

मी चारू. तुमच्या दादांची मुलगी. आजपर्यंत मी तुम्हाला कधी पत्र लिहिली नाही, दिवाळीच्या कार्डावर बाबांच्या खाली फक्त सही करत आले. शाळेत सगळी हिंदी होती, म्हणून मराठी बोलते पण लिहिताना अडकते. चुका झाल्या तर माफ करा.

बाबांनी तुम्हाला कळवलं असेल की माझं लग्न ठरलं. मुलाचं नाव गजानन. इथे बिजली बोर्डात इंजिनियर आहे. त्याचे वडील सर्जेराव मिलिटरी स्टेशनात सुभेदार मेजर आहेत, मूळचे कोरेगावचे, मतलब तुमच्या वाईच्या जवळचेच. लग्न जयपूरलाच होणार, माघात.

आता अडचण सांगते. गजाननची आई, मधुमतीकाकू, रविवारी आमच्याकडे येतात. खूप चांगल्या आहेत. पण विचारतात, तुमच्याकडे हळदीची पद्धत कशी, घाणा भरतात का, रुखवतात काय काय मांडतात. मी बाबांकडे बघते आणि बाबा पंख्याकडे बघतात. शेजारच्या माथुर आंटी म्हणतात की बेटी, फिकर मत कर, मेहंदी, बन्ना-बन्नीची गाणी, सगळं आम्ही करू. त्या करतील पण. इतकं प्रेम करतात. पण मग त्या लग्नात माझ्या आईचं काय असेल?

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची होते. मला एवढंच आठवतं की तिच्या उजव्या हाताचं एक बोट वाकडं होतं आणि भाजी चिरताना ते वेगळं उभं राहायचं. घरात लग्नाचा एकपण फोटो नाही. बाबा म्हणतात बदल्यांमध्ये कुठेतरी राहिला. परवा मी हिंमत करून विचारलं, बाबा, तुमचं लग्न कसं झालं होतं? "चांगलं झालं," म्हणाले, आणि बाहेर स्कूटर पुसायला गेले. स्कूटर सकाळीच पुसलेली होती.

तुम्ही त्या लग्नात होतात. मला सगळं सांगा. आईचं झालं तसंच मी माझं करीन.

तुमची,
चारू

*

गंगापुरी, वाई
२५ सप्टेंबर १९८६

चि. चारू हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आलं. पत्र "लिहिली" नव्हे, "लिहिलं". आणि आत्याला "तुम्ही" म्हणत नाहीत. या दोन गोष्टी सोडल्या तर इतकं चांगलं पत्र मला गेल्या कित्येक वर्षांत कुणी लिहिलेलं नाही. तुझ्या काकांना वाचून दाखवलं. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि म्हणाले, पोरगी आपल्या आईसारखी, सुमनसारखी सरळ विचारते.

प्राथमिक शाळेत वीस वर्षं मुलांना निबंध शिकवले, पण तुझ्या प्रश्नाचं उत्तर लिहायला बसले तर चार कागद फाडले. हा पाचवा.

लग्न फलटणला झालं, तुझ्या आईच्या माहेरी. साल १९६०, वैशाख. मी एकोणीस वर्षांची, नवऱ्या मुलाची एकुलती बहीण, त्यामुळे माझा तोरा काय विचारतेस. आधी आमच्याकडे हळद झाली. अंगणात जातं मांडलं, त्याला आंब्याची पानं बांधली. पाच सवाष्णींनी खुंट्याला हात लावला, आमची आई मध्ये बसली. हळकुंडं वैरताना बायका म्हणत होत्या:

हळद दळू बाई, जात्याला बांधू पान
सुमन नवरी येते, उंबऱ्याला येतो मान

दादाला हळद लावली, तर तो म्हणायचा, डोळ्यांत जाते. मग ती उष्टी हळद घेऊन मी आणि तीन बायका एस.टी.ने फलटणला गेलो. वाटी सांडू नये म्हणून मी ती पूर्ण वाटभर मांडीवर धरली होती. तुझी आई माजघरात पाटावर बसली होती. केस मोकळे, अंगावर जुनेरं, आणि हळद लावल्यावर तिचा चेहरा असा दिसायला लागला की म्हाताऱ्या बायकाही बोलायच्या थांबल्या.

मांडवाला उसाचे आणि केळीचे खांब होते. सनई फलटणचीच. मामानं, म्हणजे तिच्या मामानं, तिला हाताला धरून बोहल्यावर आणलं. तिचा शालू हिरवा, काठ जांभळा. भीमराव तुझा मामा, तेव्हा चौदा वर्षांचा. त्यानं कानपिळीला दादाचा कान असा धरला की फेट्यासकट दादा वाकडा झाला.

एवढं आज पुरे. बाकीचं पुढे लिहीन. दादाला सांग, पंख्याकडे बघून पंखा फिरत नाही.

तुझी,
शालनआत्या

ता. क. माझं अक्षर लागतं ना? अडलं तर पुन्हा पुन्हा वाच. मराठी माणसाच्या लेकीला मराठी वाचता आलंच पाहिजे.

*

जवाहर नगर, जयपूर
१२ ऑक्टोबर १९८६, दसरा

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार. (हे बरोबर आहे ना?)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. स्वतः.

रविवारी मधुमतीकाकू आल्या तेव्हा पहिल्यांदा मी बोलले आणि त्या ऐकत राहिल्या. जातं, पानं, मांडीवरची हळदीची वाटी, सगळं सांगितलं. ओवी म्हणून दाखवली तर त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, परत म्हण. मग म्हणाल्या की त्यांची आई दळताना गायची आणि त्या खुंट्याला लटकायच्या. फौजेच्या बदल्यांमध्ये पंचवीस वर्षांत त्यांना हे कुणी विचारलं नव्हतं, त्यांनी पण कुणाला सांगितलं नव्हतं. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवून गेल्या.

आता जात्याचा शोध लागला आहे. माथुर आंटींच्या गावाहून हाताची चक्की येणार आहे, त्यांचा मुलगा, भैया, जीपमध्ये घालून आणणार. आंटी म्हणतात की दळायला आम्ही पण बसू, तुमचं गाणं शिकव. त्या "उंबरा" म्हणू शकत नाहीत, "उमरा" म्हणतात.

आणि बाबांनी उखाणा घेताना आईच्या नावाच्या जागी तुझं नाव घेतलं, "शालन" म्हणाले, हे ऐकून तर मी इतकी हसले की आंटींनी भिंतीपलीकडून हाक मारली. बाबा पण हसत होते. त्यांना असं हसताना मी कधी बघितलं, आठवत नाही.

आता मला अंतरपाटाचं सांग. तो कसा होता? मी कॉलेजात चित्रकला घेतली होती, नंतर ब्रश धरला नाही. पण कालपासून मनात सारखं येतं आहे की अंतरपाट मी स्वतः काढावा. इथून जवळ बगरू म्हणून गाव आहे, तिथे लाकडी ठशांनी कापड छापतात. आईच्या अंतरपाटावर जे होतं तेच मी छापून घेईन.

तुझी,
चारू

*

गंगापुरी, वाई
२३ ऑक्टोबर १९८६

चि. चारू हिस अनेक आशीर्वाद.

उखाण्याचं मी लिहिलं होतं का गं? मला काही आठवत नाही. तुझ्या काकांना विचारलं, ते म्हणाले वय झालं तुझं. झालं असेल. लिहिलं असेन तर खरंच असणार, दादा गोंधळ घालण्यातला आहेच.

अंतरपाटाचं विचारलंस. दोन दिवस मी त्यासाठी घाटावर जाऊन बसत होते. हसू नकोस. वाईत राहून घाटावर जायचं मी सोडूनच दिलं होतं. भाजी आणायची, घरी यायचं. आता सकाळी जाते, पायरीवर बसते, आणि एकेक गोष्ट डोळ्यांपुढे येते.

पांढरं सुती कापड होतं, काठ तांबडा. मध्ये कुंकवाचं स्वस्तिक. खाली कृष्णेच्या घाटाच्या पायऱ्या, वर देवळाचा कळस, आणि पायऱ्यांवर बगळ्यांची रांग. एक बगळा मान वळवून मागे बघत होता. तो का बघतो, असं मी विचारलं तेव्हा कुणीतरी म्हणालं, नवरी अजून आली नाही म्हणून.

मंगलाष्टकाही आठवतात तशा लिहून काढते आहे. पाच झाल्या. त्यांची चाल वेगळी होती, ती पत्रात लिहिता येत नाही, आल्यावर शिकवीन. तुझे काका म्हणतात, शाळेच्या स्नेहसंमेलनाला गाणी रचायचीस तेव्हासारखी तू पुटपुटत फिरतेस, आमटी करपते. करपू दे.

दिवाळी आली. फराळाचं पार्सल पाठवते आहे. चकल्या मोडल्या तर चुरा करून खा.

तुझी,
आत्या

*

जवाहर नगर, जयपूर
१६ नोव्हेंबर १९८६

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार.

चकल्या मोडल्या नाहीत. बाबांनी डबा आपल्या कपाटात ठेवला आहे.

अंतरपाट झाला! माथुर आंटी, गजानन आणि मी बसनं बगरूला गेलो होतो. छापणारे भगवानजी म्हणून आहेत, त्यांच्या अंगणात उन्हात कापडं वाळत होती, काळी, तांबडी, हळदीसारखी पिवळी. मी चित्र दाखवलं. त्यांनी विचारलं की हा एक बगुला मागे का बघतो? मी सांगितलं, दुल्हन नहीं आई, इसलिए. ते हसले आणि आपल्या बायकोला बोलावून त्यांनी तिला पण ते सांगितलं. ठसे कोरायला बारा दिवस लागले. मग मी परत गेले आणि पहिला ठसा त्यांनी मला मारू दिला. तो जरा तिरका पडला आहे, खालच्या पायरीवर. तसाच ठेवला.

आत्या, तुला एक सांगू? चित्र काढताना मला वाटलं की हे मी आधी का सोडलं होतं. आता पत्रिकेवर पण मीच काढते आहे, आणि मांडवाच्या झालरीवर. भगवानजी म्हणाले, लग्नानंतर पण चित्रं घेऊन येत जा. गजानन म्हणाला, बगरूची बस मला पाठ झाली आहे, मी सोडत जाईन. आईच्या लग्नाचं ऐकलं नसतं तर हे झालं नसतं.

आणि सगळ्यात मोठी खबर. भीमरावमामा सापडला! बाबांच्या जुन्या डायरीतून फलटणचा पत्ता घेऊन मी पत्र टाकलं होतं. आई गेल्यापासून त्यांचं येणं-जाणं नव्हतं, मला वाटलं उत्तर येणार नाही. पण कार्ड आलं. मामा लग्नाला येणार, एकटा. तोच मला बोहल्यावर नेणार. मी त्याला लिहिलं आहे की आल्यावर तुला कानपिळीची पूर्ण गोष्ट सांगावी लागेल.

तारीख पक्की झाली. ८ फेब्रुवारी, रविवार. तू आणि काका निदान आठ दिवस आधी या. हळद तुझ्याशिवाय दळायची नाही असं मी सगळ्यांना सांगितलं आहे.

तुझी,
चारू

*

गंगापुरी, वाई
२० डिसेंबर १९८६

चि. चारू हिस अनेक आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. माझा गुडघा धरला आहे. डॉक्टर म्हणतात, एवढा प्रवास झेपणार नाही. लग्नाला माझं येणं व्हायचं नाही, तू वाईट वाटून घेऊ नकोस. हळदीला मधुमतीबाई आहेत, तुझ्या आंटी आहेत, त्या सगळं करतील.

भीमराव येतो आहे, चांगलं झालं. पण त्याला जुनं फार विचारू नकोस. तो तेव्हा लहान होता. पुरुषांना लग्नातलं काही आठवत नसतं.

मंगलाष्टका सोबत पाठवल्या आहेत. भटजींना द्या.

आत्या

*

जवाहर नगर, जयपूर
४ जानेवारी १९८७

चि. सौ. शालन हिस अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा दुखत नाही हे मला माहीत आहे. तुझ्या यजमानांचं, उत्तमरावांचं कार्ड आलं, त्यात लिहिलं आहे की तू रोज पहाटे घाटाच्या पायऱ्या चढउतार करतेस.

आता मी जे लिहितो ते शांतपणे वाच. तुझी पत्रं चारू वाचत नाही. मी वाचून दाखवतो. तुझं जोडून काढलेलं अक्षर तिला लागत नाही, आणि तू ताकीद दिलीस म्हणून तिनं ते तुला कळू दिलं नाही. रात्रीचं जेवण झालं की ती समोर बसते आणि मी वाचतो.

पहिलं पत्र वाचताना जात्यापाशी आलो आणि थांबलो. चारू म्हणाली, "काय झालं, बाबा?" मी म्हटलं, अक्षर लागत नाही. वाटलं, पत्र घडी करावं आणि तिला सांगावं की असं काही झालं नाही. पण तिच्याकडे बघितलं आणि पुढे वाचलं. हिरवा शालू वाचला. सनई वाचली. शालन, मी आयुष्यभर बँकेत खोटी सही ओळखायचं काम केलं. ही ओळखायला मला क्षण लागला नाही, आणि तरी मी ती पास केली.

उखाणा माझा. तू लिहिला नव्हतास म्हणून आठवत नाही, तुझं वय झालेलं नाही. वाचता वाचता वाटलं की एवढं सगळं झालं आणि मी त्यात नुसता उभाच आहे, माझंही काहीतरी असावं. म्हणून घातला. चारू हसली तेव्हा मलाही पटलं की असंच झालं असणार.

सुमनला एकदा कोट्याला असताना शेजारच्या लग्नाचं आमंत्रण होतं. ती जाऊन आली आणि म्हणाली, हळद लागली की कसं वाटतं हो? एवढंच. तिच्या वडिलांना जाऊन महिना झाला होता तेव्हा आमचं लग्न उरकलं, कुणी हळद लावायच्या मनःस्थितीत नव्हतं. ते मी पोरीला कधी सांगू शकलो नाही. तू तिला निदान काहीतरी दिलंस.

भीमराव येईल. त्यानं गप्प राहावं असं मी त्याला कळवणार नाही. त्याची बहीण होती ती. त्याला बोलायचं असेल ते तो बोलेल, आणि मग जे होईल ते मी आणि तू दोघं मिळून बघू. पण तू लपून बसू नकोस. तुझं पत्र आल्यापासून चारूनं झालरीचं काम बाजूला ठेवलं आहे. काल म्हणाली, "आत्याला माझ्या लग्नात यायचंच नसेल." ते मला ऐकवलं नाही.

आणि त्या अष्टका भटजींना दिल्या. ते म्हणतात, या कुठल्या आहेत, यांची चाल मला माहीत नाही. आता ज्या बाईनं रचल्या तिनंच येऊन म्हणाव्यात, दुसरा इलाज नाही.

तुझा,
दादा

*

वाई
१३ जानेवारी १९८७

ती. दादास सा. न.

कार्ड मिळालं की चारूला सांग, गुडघा बरा झाला. एकतीस तारखेला निघतो, हेही येत आहेत. हळकुंडं साताऱ्याची घेऊन येते. तिकडची कशी असतील कुणास ठाऊक.

दादा, कोट्याचं तू मला आज सांगितलंस.

शालन

*

बनी पार्क, जयपूर
८ मार्च १९८७

प्रिय आत्या,
साष्टांग नमस्कार.

लग्नाला आज महिना झाला. तू गेल्यावर लगेच लिहीन म्हणाले होते आणि लिहिलं नाही. तू काकांना विचारत असशील की पोरीचं काही बिनसलं का. बिनसलं होतं. आता सांगते.

तुला आठवतं, मुहूर्ताच्या आधी मामा मला न्यायला आतल्या खोलीत आला? बाकी बायका मांडवात गेल्या होत्या, खोलीत आम्ही दोघंच होतो. मी हिरवा शालू नेसून, मुंडावळ्या बांधून उभी. मामा दारातच थांबला. मला वाटलं, फेटा नीट करतो आहे. मग बघितलं तर तो रडत होता. मी म्हटलं, मामा, चल ना, उशीर होतो. तो म्हणाला, "अक्काला असं कुणी नेलंच नाही गं. आमचे तात्या नुकतेच वारले होते. आमचा चुलता पुढे चालला आणि ती मागनं आली. मला कुणी जवळसुद्धा येऊ दिलं नाही."

मी म्हटलं, पण सनई, मांडव? तो म्हणाला, कसली सनई?

एवढ्यात बाहेरून हाक आली. मामानं डोळे पुसले, माझा हात धरला आणि आम्ही निघालो. जवाहर नगरचा तो छोटासा मांडव मला मैलभर लांब वाटला. मी बोहल्यावर उभी राहिले. समोर माझाच अंतरपाट, माझेच बगळे. आणि तू माइकपाशी उभी राहून त्या अष्टका म्हणायला लागलीस. तेव्हा मला कळलं की या आईच्या लग्नात कुणी म्हटल्याच नव्हत्या. तू याच वर्षी रचल्या होत्यास.

मला राग आला, आत्या. अक्षता पडत होत्या आणि मला राग येत होता. गजाननला वाटलं, मी घाबरले. तुला पोचवायला स्टेशनवर मी आले नाही, डोकं दुखतं म्हणाले, ते खोटं होतं. मला वाटायचं, माझ्याकडे आईचं एक बोट होतं, तेवढं तरी खरं होतं. तू मला एवढं मोठं लग्न दिलंस आणि त्यातलं काहीच तिचं नव्हतं.

मग मागच्या रविवारी माहेरी गेले तेव्हा बाबांना विचारलं. सरळ. या वेळी ते स्कूटर पुसायला गेले नाहीत. बसले आणि सगळं सांगितलं. पत्रं मला वाचून दाखवतानाच त्यांना सगळं कळलं होतं, उखाणा त्यांनी घातला, कोट्याला आई काय म्हणाली. मग म्हणाले, "हळद दळताना तू, मधुमतीबाई, माथुर बाई, शालन, सगळ्या जात्याभोवती बसला होतात. मी दारातून बघत होतो. माझ्या मनात आलं, सुमन, हे बघ, असं असतं."

घरी येऊन मी खूप रडले. मधुमतीकाकू, आता मी त्यांना आई म्हणते, आत आल्या. शेजारी येऊन पालक निवडत बसल्या.

आता राग नाही. अंतरपाट मी घडी करून ठेवला आहे आणि पुढच्या महिन्यात बगरूला नवी चित्रं घेऊन जाणार आहे. पण मला एक पाहिजे. तू पहिल्या पत्रात चार कागद फाडलेस. त्यांच्यावर जे होतं ते मला लिही. आईचं खरं लग्न. कितीपण छोटं असलं तरी चालेल. हे पत्र मी एकटी वाचीन. गेला महिनाभर तुझी जुनी पत्रं समोर ठेवून मी तुझं अक्षर शिकले आहे.

तुझी,
चारू

*

गंगापुरी, वाई
१९ मार्च १९८७

चि. सौ. चारू हिस अनेक आशीर्वाद.

तुझा राग बरोबर होता. तू मागितलंस ते लिहिते.

लग्न फलटणला नाही, इथे वाईला झालं, घाटावरच्या एका लहान देवळात. तात्या, तुझ्या आईचे वडील, महिन्यापूर्वी अचानक गेले होते. लग्न त्यांनीच ठरवलेलं. वर्षाच्या आत केलं नाही तर तीन वर्षं थांबावं लागेल, असं मोठ्यांनी ठरवलं. तुझी आजी आली नाही, त्या काळी तिला येऊ दिलं नसतं. तुझ्या आईबरोबर तिचा चुलता, चुलती आणि भीमराव, एवढेच. सकाळच्या एस.टी.नं आले.

वैशाखाचं ऊन होतं. देवळातली फरशी थंड होती, म्हणून सगळे अनवाणी आत उभे होतो. ती तिच्या आईचं डाळिंबी रंगाचं इरकली लुगडं नेसली होती. काठाला एके ठिकाणी रफू होतं. अंतरपाट म्हणून चुलत्याचं उपरणं धरलं. भटजींनी एकच अष्टक म्हटलं, तेही हळू. वाजंत्री नाही, टाळ्या नाहीत. अक्षता टाकल्या तर त्या फरशीवर पडल्याचा आवाज ऐकू आला. तुझ्या आईनं पूर्ण वेळ मान वर केली नाही. दादानंही नाही. मला भीती वाटली की ही दोघं एकमेकांना ओळखणार कशी.

मग घाटानं चालत घरी आलो. आमच्या आईनं वरणभात आणि शिरा केला होता. आमच्या घरात त्या दिवशी सगळे कुजबुजत बोलत होते, तिच्या दुःखाला धक्का लागू नये म्हणून. भांडंसुद्धा कुणी जोरात ठेवत नव्हतं. चुलता-चुलती दुपारच्या गाडीनं भीमरावला घेऊन परत गेले. ती एकटी राहिली.

जेवणं झाल्यावर आई मला म्हणाली, वहिनीला मागे ने, हातपाय धुऊ दे. मी नवं लुगडं नेसलेली, तोऱ्यात पुढे. मोरीत पाय घातला आणि शेवाळावरून जी सटकले ती सरळ पाण्यानं भरलेल्या घंगाळात जाऊन बसले. पाय वर, पाणी बाहेर, आणि मला उठता येईना.

तुझी आई दारात उभी होती. तिनं पदर तोंडावर दाबला. तिचे डोळे भरले होते, खांदे हलत होते, मला कळेना रडते आहे का काय. मग तिनं इकडेतिकडे पाहिलं, खाली वाकली, आणि अगदी हळू मला विचारलं, "वन्सं, तुमच्याकडे आज हसलं तर चालतं का?"

तिनं मला विचारलेली ही पहिली गोष्ट. मी म्हटलं, चालतं.

आणि मग ती हसली, चारू. महिनाभर कोंडलेलं माणूस जसं हसेल तशी. खाली बसली, भिंतीला टेकली, मध्येच तात्यांचं नाव घेऊन रडली, पुन्हा माझ्याकडे बघून हसली. मला बाहेर काढायला हात दिला तर तीही भिजली. तिचं ते वाकडं बोट मी तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं, माझ्या मनगटाभोवती. आमची आई स्वयंपाकघरातून आली, बघितलं, आणि परत आत गेली. घरातली कुजबुज थांबली. कुणीतरी मोठ्यानं पाणी मागितलं.

आवाज ऐकून दादाही आला होता. मागच्या दारात उभा राहिला, हातात पानाचं तबक तसंच. सकाळपासून पहिल्यांदा तो तिच्याकडे बघत होता. तिला कळलं, पण तिनं मान खाली घातली नाही. आम्ही दोघी ओल्याचिंब. कुणी त्याला थांब म्हटलं नाही, आणि तो गेला नाही.

तुझी,
आत्या